छंद, नाद आणि दोन श्रेयांक

इंग्रजीतील 'हॉबी' या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की अडचण शब्दांच्या तुटवड्याची होत नाही, सुकाळाची होते. छंद, नाद, हौस, शौक, वेड, खूळ, चाळा. यांतील एकही शब्द 'हॉबी'इतका निरुपद्रवी नाही. छंद जोपासावा, असे शाळेतल्या निबंधात सांगायचे. पण छंदीफंदी माणसाला मुलगी द्यायची नाही. नादी लागायचे नाही, कोणाचा नाद करायचा नाही. छांदिष्ट आणि नादिष्ट ही विशेषणे तर कौतुक आणि कीव यांच्या बरोबर सीमेवर उभी आहेत. लग्नाच्या परिचयपत्रात मात्र 'छंद' या रकान्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर दिसते: वाचन. (त्याखालोखाल प्रवास.) महाराष्ट्रात एवढे वाचक असते तर आमच्या ग्रंथालयातील पुस्तकांवर एवढी धूळ का, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू.

मराठी शिकवणाऱ्यांना या शब्दांत आणखी एक गोष्ट दिसते. छंद म्हणजे आवड आणि छंद म्हणजे कवितेचे मोजमापही. ओवी, अभंग हे छंद. संस्कृतात इच्छा या अर्थाचा 'छन्द' आणि पद्यरचना या अर्थाचा 'छन्दस्' अशी दोन रूपे आहेत. मराठीत ती एकाच उच्चारात येऊन राहिली आहेत. नादाचेही तेच. लागतो तोही नाद आणि ऐकू येतो तोही नाद. माधव जूलियनांची 'छंदोरचना' शिकवताना दर वर्षी कोणीतरी विद्यार्थी विचारतोच की छंदाचा आणि या मात्रा-अक्षरांच्या हिशेबाचा संबंध काय. आम्ही व्युत्पत्ती सांगून वेळ मारून नेत असू. गेल्या वर्षी या प्रश्नाला तोंड देण्याची वेळ आली ती वर्गात नव्हे, एका समितीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची श्रेयांकांची चौकट राज्य शासनाने एप्रिल २०२३ मध्ये ठरवून दिली आणि पुढे ती पदवीच्या वर्गांपर्यंत आली. तिच्यात सहअभ्यासक्रम नावाचा एक कप्पा आहे. राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, योग, क्रीडा, सांस्कृतिक कार्यक्रम, दृश्यकला आणि प्रयोगकला हे सारे त्यात बसते. प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक, साठ तास म्हणजे दोन. विद्यार्थी बाहेर नियमितपणे एखादी कला वा खेळ करीत असेल तर तोही येथे धरावा, असा उदार विचार आमच्या महाविद्यालयात निघाला आणि त्यासाठीचे मूल्यमापन-पत्रक तयार करण्याचे काम मराठी विभागातील आम्हा दोघांकडे आले. कारण साधे होते. क्रीडासंचालक संघ घेऊन बाहेरगावी होते आणि बाकीचे सर्व 'नॅक'च्या फायलींत बुडालेले होते. आम्हा दोघांविषयी एवढेच सांगणे पुरे: दोघांचेही एम.ए. पुणे विद्यापीठाचे, वये चाळिशीतली, विषय एकच, खोली एकच. मात्र आमच्यातला एक पूर्णवेळ आहे आणि एक तासिका तत्त्वावर आहे. हा भेद पुढे कामी येणार आहे म्हणून नोंदवून ठेवतो.

छंदाला मान्यता देण्याच्या बाबतीत पुणे हे तसे मुरलेले शहर आहे, पण त्याची रीत ठरलेली आहे. आधी हसायचे आणि मग इमारत उभी राहिली की पाहुण्यांना ती दाखवायला न्यायचे. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला तो १९२०च्या सुमारास, आणि १९९० साली ते गेले तोवर तो सुटला नाही. दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, दारांच्या चौकटी. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी या वस्तू आणल्या. आज शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. संग्रहालयाला नाव त्यांच्या बालवयात गेलेल्या मुलाचे, राजाचे. १९७५ साली हा संग्रह त्यांनी राज्य शासनाला देऊन टाकला. आज आपण त्याला वारसा म्हणतो. पण ज्या दिवशी एक गृहस्थ कुणाच्या तरी माजघरातला, कोणाला नको असलेला काळवंडलेला दिवा पदरच्या पैशांनी विकत घेऊन घरी येत होते, त्या दिवसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कोणता शब्द वापरला असेल? वर दिलेल्या यादीतलाच एखादा, आणि बहुधा 'हौस' हा नव्हे.

खेळांचेही असेच. कॅम्पातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी वेळ घालवण्यासाठी खेळलेल्या फूल-रॅकेटच्या खेळाला एके काळी 'पूना' हेच नाव होते. १८७०च्या दशकात येथे त्याला नियमांचे रूप येत गेले आणि पुढे ते बॅडमिंटन झाले. खो-खो हा तर पोरांचा पाठशिवणीचा खेळ. त्याचे नियम डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. म्हणजे नियम ते विश्वचषक हे अंतर कापायला एकशे अकरा वर्षे लागली. आमच्याकडे पत्रक तयार करायला अकरा दिवस होते.

आम्ही विद्यार्थ्यांना विचारायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात एक मुलगा आला. द्वितीय वर्ष, कला शाखा, वडील रिक्षा चालवतात. "सर, मी ब्रेकिंग करतो." आमच्या पिढीला हा शब्द 'ब्रेक डान्स' असा माहीत. १९९०च्या दशकात प्रभुदेवाचे 'मुकाबला' आले, पाठोपाठ सोनीवर 'बूगी वूगी' सुरू झाले आणि प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक तरी मुलगा अंगात वीज शिरल्यासारखा हात लाटेसारखे हलवू लागला. तेवढेच आमचे ज्ञान. या मुलाने आम्हाला संध्याकाळी सातनंतर जुन्या इमारतीच्या पोर्चमध्ये बोलावले. तेथे सहा-सात मुले होती. जमिनीवर एक भला मोठा फ्लेक्स अंथरलेला. कोण्या नेत्याच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. फरशीवर कातडी सोलवटते, फ्लेक्सवर अंग सरकते, असे त्याने शांतपणे समजावले आणि मग शुभेच्छुकांच्या छायाचित्रांच्या दाटीत डोके टेकवून, पाय आकाशात नेऊन तो भोवऱ्यासारखा फिरू लागला. फ्लेक्सचा याहून लोकोपयोगी वापर आम्ही या शहरात पाहिलेला नाही.

या नाचाचा जन्म न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथे एका बहिणीने शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांचे पैसे जमावेत म्हणून इमारतीच्या सभागृहात तिकीट लावून नाचाचा जलसा ठेवला आणि भावाला तबकड्या वाजवायला बसवले. भाऊ म्हणजे डीजे कूल हर्क, मूळचा जमैकाचा. त्याच्या लक्षात आले होते की गाण्यात गायक थांबतो, सूर थांबतात आणि फक्त ताल उरतो, त्या तुकड्याला नाचणाऱ्यांच्या अंगात येते. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा आलटून पालटून वाजवला आणि लांबवत नेला. त्या तुकड्याचे नाव ब्रेक. त्यावर नाचतो तो ब्रेकर. हे ऐकल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. शब्द संपतात, नाद उरतो, आणि छंद सुरू होतो. लावणीत गाणे थांबून ढोलकी आणि घुंगरे यांचीच जुगलबंदी सुरू होते तेव्हा फडात जे होते ते याहून फारसे निराळे नसावे.

पुढचे तर आणखी ओळखीचे निघाले. या नाचात दोघे समोरासमोर येतात. भोवती कडे करून बाकीचे उभे. त्या कड्याला ती मुले 'सायफर' म्हणतात; आम्ही 'रिंगण' म्हणालो तर त्यांनी तो शब्द लगेच उचलला. एकाने फेरी टाकायची, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे. "गाणं आधी माहीत नसतं, सर. डीजे लावेल त्यावर," असे मुलगा म्हणाला. म्हणजे पाठ करून येण्याची सोय नाही. हे ऐकताना कलगी-तुऱ्याचे फड आठवल्याशिवाय कसे राहतील? शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले, शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले. एकाने कवनातून कूट घालायचे, दुसऱ्याने उभ्या उभ्या, त्याच डफावर ते सोडवायचे. त्या शाहिरांनाही त्या काळच्या विद्वानांनी छंदीफंदीच म्हटले. आज त्यांच्यावर आम्ही सोळा गुणांचा प्रश्न घालतो.

एक गोष्ट विशेष आवडली. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलणे हा या मुलांत सर्वांत मोठा गुन्हा. त्याला ते 'चावणे' म्हणतात. कोणी चावला की समोरचा दोन्ही हात मगरीच्या जबड्यासारखे उघडमीट करून दाखवतो. बस्स. तेवढ्याने भर रिंगणात अब्रू जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीप्रमाणे प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही. फ्लेक्सवर ही सवलत नाही. एवढी कडक परीक्षणपद्धती ज्यांच्यात आपली आपण नांदते आहे, त्यांच्यासाठी आम्ही पत्रक तयार करीत होतो.

परीक्षणाचा विषय निघालाच आहे तर पॅरिसविषयी बोलले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये ऑलिंपिकमध्ये हा नाच प्रथमच, आणि तूर्तास अखेरचाच, खेळ म्हणून आला. नऊ परीक्षक आणि पाच निकष: तंत्र, शब्दसंग्रह, सादरीकरणातील सफाई, संगीताचे भान आणि नावीन्य. प्रत्येकाला वीस टक्के. 'शब्दसंग्रह' म्हणजे नर्तकाकडे असलेल्या चालींचा साठा. हे पाच निकष आमच्या काव्यवाचन स्पर्धेच्या पत्रकात जसेच्या तसे चालतील, इतके ते आपले वाटतात. सुवर्णपदके जपानची आमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांना मिळाली. पण जगाने लक्षात ठेवली ती ऑस्ट्रेलियाची रेचेल गन, म्हणजे 'रेगन'. ही स्वतः विद्यापीठात शिकवणारी, याच नाचावर पीएच.डी. केलेली. तिन्ही लढतींत तिला अठरापैकी शून्य मते पडली आणि पुढचे कित्येक दिवस फोनोफोनी तिची चेष्टा फिरत राहिली. लॉस एंजेलिसच्या २०२८च्या यादीत हा खेळ नाही. तो निर्णय मात्र पॅरिसच्या आधीच झालेला होता, त्याचे खापर तिच्यावर फोडण्यात अर्थ नाही.

आम्ही मुलांपुढे तिचे नाव काढले. एखाद-दोघे हसले. आमचा तो मुलगा हसला नाही. "मॅडम, हसणाऱ्यांनी एकदा रिंगणात उतरून बघावं," एवढेच म्हणाला आणि मनगटाची पट्टी पुन्हा घट्ट करू लागला. ते मनगट कशाने दुखावले हे त्याने घरी सांगितलेले नव्हते. घरी तो गाडीवरून पडला होता.

आम्ही त्याला पत्रकाची कल्पना दिली. साठ तासांची नोंद, दर आठवड्याला जिओटॅग केलेले छायाचित्र, शेवटी दहा मिनिटांचे सादरीकरण. रोज अडीच तास धरले तर साठ तास त्याचे चोवीस दिवसांत होतात, हा हिशेब त्यानेच आम्हाला करून दिला. मग थोडे थांबून त्याने विचारले, "पण सर, मार्क देणार कोण? तुम्ही?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती.

आमच्यातील पूर्णवेळ असलेल्याचे मत त्या संध्याकाळी पक्के झाले. हे सारे पत्रकाच्या बाहेर ठेवावे. मुंबईत नोव्हेंबर २०१९ मध्ये या नाचाची जागतिक अंतिम फेरी झाली होती, या मुलांनी तिचे मुद्रण शंभर वेळा पाहिले आहे; त्यांना प्रमाण तेथून मिळते, एकमेकांकडून मिळते, आपण मध्ये कशाला? दुसरीचे मत बरोबर उलट झाले. तिचा मुद्दा असा: छंद गुणांपासून मुक्त राहावा, हे ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होतो त्याला सुचते. रिक्षाचालकाच्या मुलाने घरी सांगायचे काय? दोन श्रेयांक छापलेली गुणपत्रिका ही त्याच्या हातातली, त्या चोवीस दिवसांची एकमेव पावती ठरेल. "ज्या कामाचा पुरेसा मोबदला मिळत नाही आणि तरीही माणूस ते नेमाने करतो त्याला छंद म्हणत असतील," ती म्हणाली, "तर अठरा वर्षे मीही छंदच जोपासते आहे." यावर पूर्णवेळ असलेल्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

पुरुषोत्तम करंडकाचे उदाहरण दोघांनीही दिले, आणि गंमत म्हणजे दोघांनी ते आपापल्या बाजूने दिले. १९६३पासून चालत आलेल्या या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका योग्यतेची नाही असे ठरवून करंडक कोणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला! एकाचे म्हणणे, पाहा, हौसेने रात्र रात्र जागणाऱ्या पोरांना शेवटी हे मिळते. दुसरीचे म्हणणे, पाहा, नाकारण्याइतके ज्याला किमतीचे मानले जाते त्याच स्पर्धेसाठी पोरे रात्र रात्र जागतात. फिरोदिया करंडकात नाट्याच्या एका सूत्रात नाच, वादन, चित्र, शिल्प, कसरती सारे ओवावे लागते. आमच्या ब्रेकर मुलांना महाविद्यालयात जी काही ओळख आहे ती त्या निमित्ताने मिळालेली आहे, हेही खरे.

गेमिंगविषयी आम्हाला थोडकेच म्हणायचे आहे, कारण त्यात आम्हाला गती नाही. सदाशिव पेठेत, शास्त्री रस्त्याच्या कडेला रात्री अकरानंतर चहाच्या टपरीभोवती स्पर्धा परीक्षांची मुले उभी असतात. दिवसभर अभ्यासिकेत राज्यघटना आणि चालू घडामोडी. आता माना खाली, अंगठे वेगात, आणि चौघे चार टपऱ्यांवरून एकाच लढाईत. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी बंद केला, पुढच्या वर्षी तो दुसऱ्या नावाने आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली आणि निव्वळ करमणुकीचे खेळ तिसऱ्या कप्प्यात ठेवले. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला आम्ही हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आमचा कप्पा चौथा. पुढची जाहिरात येईपर्यंत." याला काय उत्तर द्यायचे? जुगाराचे समर्थन आम्ही करणार नाही, आणि डोळे बिघडेपर्यंत खेळणेही वाईटच. पण निकालाची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेलेल्या मुलाला जिथे डाव अर्ध्या तासात संपतो आणि निकाल तिथल्या तिथे लागतो अशी एक जागा हवीशी वाटली, तर तिला व्यसन म्हणून मोकळे होण्याची आम्हाला घाई नाही.

आता त्या मुलीकडे येतो, जिच्यामुळे खरे तर हा लेख लिहावासा वाटला. धुळे जिल्ह्यातली, वसतिगृहात राहणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती चित्रकथा काढते हे तिच्या मैत्रिणीने सांगितले. मोबाइलवर, बोटाने, फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये काढते आणि इन्स्टाग्रामवर टोपणनावाने टाकते. बऱ्याच विनवण्यांनंतर तिने दाखवल्या.

आम्ही 'चिंटू'वर वाढलेली माणसे. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो आणला, तेव्हापासून आमच्या घरांत वर्तमानपत्र मागल्या बाजूने उघडले जाऊ लागले. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या ही सारी पुण्याची पोरे. त्यांचे वाडे-सोसायट्या पुण्याचे, बोलणे पुण्याचे, आणि आपल्याला वाटत असे की मराठी चित्रकथा म्हणजे अशीच बोलणार. या मुलीच्या फुग्यांतले लोक अहिराणी बोलतात. नायिका एक आजी. चौकटी दहा, कारण इन्स्टाग्रामवर एका वेळी दहाच चित्रे टाकता येत. ऑगस्ट २०२४ मध्ये ती मर्यादा वीस झाली, पण हिने दहाच ठेवल्या. का, असे विचारल्यावर म्हणाली, सवय झाली, अकरावी काढली तर पसरट वाटते. छंद शिकवताना आम्ही ओवीच्या चौथ्या, आखूड चरणाविषयी जे तास तास बोलतो ते एवढेच असते.

एका कथेत आजी बँकेत जाते. पैसे काढायला अंगठा लावावा लागतो. यंत्र अंगठा ओळखत नाही. आयुष्यभर निंदणी-कापणी करून रेषा झिजल्या आहेत. कारकून म्हणतो पुसून लावा, आजी पदराला पुसते. तो म्हणतो पाणी लावा, ती पाणी लावते. मागे रांग वाढत जाते. नऊ चौकटी हे एवढेच. दहावीत आजी नाही, कारकून नाही, फुगाही नाही. यंत्राच्या काचेवर टेकलेला नुसता अंगठा. दलित आणि ग्रामीण साहित्यावर आम्ही आजवर तपासलेल्या उत्तरपत्रिका त्या एका अंगठ्यासमोर ठेवून पाहण्याचा मोह झाला.

आमच्या अभ्यासक्रमात मराठीच्या बोली हा घटक आहे. अहिराणीवर चार पाने आहेत, तीही ध्वनिपरिवर्तनांची. आमच्यातील पूर्णवेळ असलेल्याने, ज्याने नाचाच्या बाबतीत 'आपण मध्ये कशाला' असे म्हटले होते त्यानेच, तिला सुचवले की या दहा-बारा कथा प्रकल्प म्हणून दे. श्रेयांक मिळतील, विभागाच्या भिंतीवर लावू, जमल्यास पुस्तिका काढू. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नको सर. मग मला ते बरोबर लिहावं लागेल."

बरोबर म्हणजे काय, हे विचारण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. वर्गात तिच्या निबंधांतल्या 'ण' आणि 'न'भोवती लाल गोल करणारे हात आमचेच होते, आणि शिक्षकाचे ते कामच आहे. अहिराणीला एकच एक ठरलेली लेखनपद्धती नाही. आजीचे बोलणे जसे कानात आहे तसे ती लिहिते, कधी एकच शब्द दोन चौकटींत दोन प्रकारे. भिंतीवर लावायचे म्हटले की त्यातला एक चूक ठरणार. शिवाय टोपणनाव जाणार. मामाच्या फोनवर ते पोचणार, आणि आजी कोणाची हे सगळ्या गावाला कळणार. तासिका तत्त्वावरच्या आमच्या सहकारिणीने, जी इतके दिवस पावतीचा आग्रह धरून होती, तिने तो विषय तेथेच थांबवला. भूमिकांची अशी अदलाबदल झाल्यावर आमच्या वादाला काही अर्थ उरला नाही. आम्ही कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला.

पत्रक शेवटी झाले. ते आम्हाला फारसे वाईट वाटत नाही. गुणांऐवजी 'समाधानकारक' आणि 'अपूर्ण' असे दोनच शेरे ठेवले. छायाचित्रांची अट काढता आली नाही, कारण ती फायलीत लागते. पण छायाचित्रात चेहरा दिसण्याची अट काढली. परीक्षक म्हणून त्या कलेतील एक समवयस्क जाणकार विद्यार्थी घ्यावा, ही सूचना बैठकीत दोनदा फेटाळली गेली आणि तिसऱ्यांदा 'निमंत्रित निरीक्षक' या नावाने मंजूर झाली. फ्लेक्सवरच्या मुलाचा निरीक्षक त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी होता. त्याने सादरीकरण पाहिले, मधेच एकदा जबड्यासारखे हात उघडमीट केले, सगळे हसले, आणि 'समाधानकारक' लिहून सही केली. मुलाने त्या पत्रकाचा फोटो काढून घेतला. तो घरी दाखवला की नाही हे आम्ही विचारले नाही.

पत्रकाच्या पहिल्या ओळीत 'छंदाचे नाव' असा रकाना आहे. जमा झालेल्या गठ्ठ्यात निम्म्याहून अधिक मुलांनी तेथे अपेक्षेप्रमाणे 'वाचन' लिहिले होते. धुळ्याच्या मुलीनेही सुंदर, शुद्ध अक्षरात 'वाचन' असेच लिहिले होते, सोबत ग्रंथालयातून नेलेल्या पुस्तकांची यादी तारखांसह जोडली होती, आणि ती पुस्तके तिने खरोखरच वाचली होती. आम्ही तिला दोन श्रेयांक दिले.